सहरमानची छुर्पी आणि भुत्लेची दाढ

सहरमान नेम्बांगनं नाकारलेली छुर्पी कुत्रंसुद्धा खाणार नाही, असं साम्लुंग गावात म्हणायची पद्धत होती. पुढं दिवस असे फिरले की गावातली सगळी छुर्पी कुत्र्यांसाठीच जायला लागली. तरी हा बाबा नाकारायचा तो नाकारायचाच.

साम्लुंग म्हणजे पूर्व नेपाळात, फिदिमच्या वरच्या अंगाला, जिथं वेलदोड्याचे मळे संपतात आणि धुकं सुरू होतं तिथं. इथं छुर्पी न करणारं घर नाही. चौरीच्या, म्हणजे याक आणि गाईच्या संकरातल्या जनावराच्या, दुधातलं लोणी काढून घ्यायचं, उरलेलं आंबवून फाडायचं, चोथा फडक्यात बांधून धोंड्याखाली दाबायचा, त्याच्या कांड्या कापायच्या आणि चुलीवरच्या धुरात टांगून ठेवायच्या. किती दिवस? तर आपण कधीकाळी दूध होतो हे त्या कांडीला आठवेनासं होईपर्यंत. मग ती छुर्पी झाली.

आणि छुर्पी खायची नसते, गालात धरायची असते. हे आमच्यात कुणी कुणाला शिकवत नाही, जन्मतःच येतं. सकाळी एक तुकडा गालात टाकून डोंगर चढायला लागायचं, वर पोचेपर्यंत तो जरासा नरम होतो, मग त्याला हळूच दाताची ओळख करून द्यायची. आल्या आल्या कचकन चावणारा माणूस आमच्यात वेडा समजला जातो. त्यामुळं पिढ्यान् पिढ्या दगडासारखी वस्तू तोंडात वागवूनही छुर्पीनं दात मोडला असं कुणी म्हणत नसे. मोडला तर दोष दाताचा, छुर्पीचा नव्हे.

सहरमानच्या बापानं त्याला पारख शिकवली ती अशी. दोन कांड्या कानाशी धरून एकमेकींवर आपटायच्या, आवाज खणखणीत आला पाहिजे. मग कांडी डाव्या दाढेखाली धरून दाबायची. दाढेची खूण उठली तर ती परत धुरात. बाप गेला, वरच्या कुरणातला गोठा सहरमानकडं आला, आणि बापापेक्षा हा जास्त कडक निघाला, माणूसही आणि त्याची छुर्पीही. बायकोसुद्धा त्यानं छुर्पीवरच मिळवली. धाननाचात हातात हात घालून नाचताना त्यानं आइतमायाला एक तुकडा दिला, तिनं तो गालात धरला, आणि यानं तेवढ्यात लग्नाचं विचारलं. आइतमाया अजून सांगते, "नाही म्हणायचं होतं हो मला. पण तोंडात ह्यांची छुर्पी. ती विरघळेपर्यंत ह्यांच्या घरचे माझ्या बापाकडं जाऊन बसले होते."

मग एक दिवस कंपनी आली. कंपनीचे दाहाल सर खालून जीप घेऊन आले आणि म्हणाले की गावात होईल तेवढी छुर्पी आम्ही घेतो, अमेरिकेला पाठवायचीय. गावानं विचारलं, तिकडं आपली एवढी माणसं गेली का? दाहाल सर म्हणाले, माणसांना नाही, कुत्र्यांना. तिकडची कुत्री दिवसभर घरात एकटी असतात, त्यांना चघळायला काहीतरी लागतं, नाहीतर ती सोफे खातात.

गाव हसून हसून बेजार झालं. सहरमान तेवढा हसला नाही. घरी येऊन तो चुलीपुढं बसला आणि म्हणाला, "माझ्या बापाची छुर्पी आणि कुत्र्याला?"

"तुमचे बाबा विकतच होते ना?" आइतमाया म्हणाली. "घेणाऱ्याला शेपूट आहे का नाही हे कधी बघितलं होतं त्यांनी?"

सहरमान चुलीत लाकूड सारत राहिला. आणि पुढच्याच आठवड्यात दाहाल सरांनी त्याला संकलन केंद्रावर पारखी म्हणून बसवलं, तेव्हा उत्तराची गरजही उरली नाही. अंगणात एक लाल खुर्ची, पुढ्यात टेबल, आणि अख्खा गाव हातात कांड्या घेऊन समोर उभा. माणसाला आयुष्यात आणखी काय लागतं? अमेरिकेतल्या कुत्र्यांविषयी तो आता आदरानं बोलायला लागला. "जाणकार जनावरं आहेत," म्हणायचा. "खऱ्या मालाची किंमत कळते त्यांना."

त्याचा सगळ्यात मोठा राग पहलमान राईच्या मालावर. पहलमान घाईचा माणूस, धूर पुरता द्यायचा नाही. त्याची कांडी सहरमान कानाशी वाजवायचा, तोंडात धरायचा, डोळे मिटायचा आणि इतका वेळ तसाच बसायचा की मागचे लोक चुळबुळायला लागायचे.

"दाजू," पहलमान थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणायचा, "लग्नाआधी माझ्या सासऱ्यानंसुद्धा माझी एवढी परीक्षा घेतली नव्हती."

"घ्यायला हवी होती," सहरमान म्हणायचा आणि कांडी परत द्यायचा.

आता एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती लपवून पुढं जाता येणार नाही. ते डोळे मिटणं सगळं नाटक होतं. सहरमानची डावी दाढ केव्हाच गेली होती. कधीतरी एका थंडीत, कुरणातल्या गोठ्यात, स्वतःच्याच हातची कांडी पारखताना ती उभी चिरली. ठणका लागला, गाल सुजला, लवंगा चावून त्यानं दिवस काढले, आणि तुकडा तुकडा करून ती दाढ पडून गेली. कुणाला बोलला नाही. बोलणार कसा? तेव्हापासून तो कांडी नुसती हिरडीवर टेकवायचा आणि निकाल कानावर द्यायचा. बायकोच्या मात्र ध्यानात आलं होतं. ती न बोलता मांस बारीक चिरायला लागली, आणि यानं न बोलता खायला सुरुवात केली. संसार असाच चालतो.

असं सगळं छान चाललेलं असताना फुंगमा आली. फुंगमा सहरमानच्या थोरल्या भावाची मुलगी, खाली चितवनला जाऊन जनावरांची डॉक्टर झालेली. कंपनीनं तिला नेमलं होतं. माल गोळा करायच्या दिवशी ती केंद्रावर यायची, एरवी गावोगाव फिरायची. त्या दिवशी तिनं लाल खुर्चीपुढं उभं राहून मोबाईलवर एक फोटो दाखवला.

"काका, हे बघा. अमेरिकेतला कुत्रा आहे."

सहरमाननं मोबाईल लांब धरला. "चांगला खातापिता दिसतोय."

"त्याची दाढ बघा. वरची, मागची. अख्खं फळकूट निघालंय, आत लाल दिसतंय ना? ती नस आहे. आपल्या छुर्पीनं मोडलीय. असे बरेच फोटो आलेत, ओळीनं येतायत."

लोकांनी आपापल्या कांड्या खाली घेतल्या. पहलमान मात्र पुढं सरकला, त्याला नीट ऐकायचं होतं.

"नानी, पोरी, ही दाढ छुर्पीनं नाही मोडली, लाडानं मोडली," सहरमान म्हणाला. "गादीवर झोपतात म्हणे ती कुत्री. अंगात कपडे घालतात. त्यांच्या दातात जोर कुठून येणार?"

"गादीवर झोपल्यानं दात मऊ होत नाहीत, काका. आपण छुर्पी गालात धरतो. कुत्र्याला कुठं गालात धरता येतं? तो थेट मागच्या दाढेत घालतो आणि अडकित्त्यानं सुपारी फोडावी तसा जोर लावतो. मग दोघांतलं जे कच्चं असेल ते फुटतं. छुर्पी कच्ची असू द्या, असं म्हणायचंय मला. अंगठ्याचं नख रोवून बघायचं. खूण उठली तर कुत्र्याला द्यायची. नाही उठली तर नाही द्यायची."

"नखानं खूण उठते त्याला आपल्यात छुर्पी म्हणत नाहीत. त्याला आळस म्हणतात."

"मग माझा माल पहिल्या नंबरचा झाला की," पहलमान म्हणाला, आणि लोक हसले.

ते हसू सहरमानला झोंबलं. तो उठून उभा राहिला. "ह्या गावात सहरमान नेम्बांगच्या छुर्पीनं आजवर कुणाचा दात मोडलेला नाही," तो मोठ्यानं म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याची जीभ आपोआप डाव्या बाजूच्या खळग्यात जाऊन आली. "कुत्र्यांचं म्हणशील तर कुकुर तिहार आलाच आहे, कुत्र्यांच्याच पूजेचा दिवस. त्या दिवशी ये माझ्या अंगणात. सगळ्यांनी या. माझ्या भुत्लेला सगळ्यांदेखत कांडी देतो. त्याची दाढ मोडली तर मी ही खुर्ची सोडतो. नाही मोडली तर नखाचं नाव काढायचं नाही."

दाहाल सरांनाही ते पटलं. मऊ छुर्पी करायची म्हणजे सगळ्या गावाला नव्यानं शिकवायचं, कोण डोकेफोड करणार? ठरलं.

भुत्लेविषयी सांगायला हवं. झिपऱ्या केसांचा काळा, भोटे जातीचा डोंगरी कुत्रा, सहरमानच्या गोठ्यातच जन्मला. बिबट्या आला तेव्हा तो एकटा दारात उभा राहिला होता, त्याचा अर्धा कान तेव्हाच गेला. गुडघे गेल्यावर सहरमाननं दोन-चार ठेवून बाकीच्या चौऱ्या विकल्या आणि तो खाली गावात राहायला आला, तेव्हा भुत्ले त्याच्या मागोमाग आला आणि दारात पसरला तो आजतागायत. सहरमानला मूलबाळ नव्हतं. त्याचं ह्या कुत्र्यावर किती प्रेम होतं ते सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त तो तसं म्हणायचा नाही. "हा? राखणीला ठेवलाय," म्हणायचा, आणि आपल्या ताटातलं काढून त्याला घालायचा.

आमच्या लिंबू जमातीत तिहार, म्हणजे दिवाळी, आपला सण आहे की नाही यावर हल्ली जोरात वाद चालतात. कुत्र्यांना कुणी विचारलेलं नाही, त्यामुळं त्यांचा दिवस अजून सुखरूप आहे. त्या सकाळी अख्खं साम्लुंग सहरमानच्या अंगणात जमलं. आइतमायानं भुत्लेच्या गळ्यात झेंडूची माळ घातली, कपाळाला टिका लावला. भुत्ले एवढ्या माणसांकडं बघून शेपूट हलवत होता, त्याला वाटलं सगळे आपल्यासाठीच आलेत. तसे आलेही होते.

सहरमाननं चुलीवरून कांडी काढली. साधी नव्हे. बापाच्या पद्धतीनं केलेली, कित्येक वर्षं धुरात ठेवलेली, काळी पडलेली. सणाच्या दिवशी घरातलं सगळ्यात चांगलं द्यायचं असतं, आणि त्याच्या दृष्टीनं सगळ्यात कडक म्हणजेच सगळ्यात चांगलं. त्यानं ती दोन्ही हातांनी, देवापुढं ठेवावी तशी भुत्लेपुढं ठेवली.

भुत्लेनं कांडी पुढच्या पायांत धरली, मान तिरपी केली आणि मागच्या दाढेत घातली. बराच वेळ नुसता घासल्याचा आवाज येत होता. मग कट् असा एक आवाज आला, अंगणभर ऐकू गेला.

"फोडली," सहरमान म्हणाला. "बघितलंत? आपल्या कुत्र्यानं छुर्पी फोडली."

लोकांनी टाळ्या पिटल्या. भुत्लेनं क्षणभर कांडी सोडली, जीभ फिरवली, लोकांकडं बघितलं आणि शेपूट हलवलं. फुंगमा पुढं झाली. "काका, मला त्याचं तोंड बघू द्या."

"आज त्याचा सण आहे. आज त्याच्या पाया पडायचं असतं, तोंडात हात घालायचा नसतो."

"काका, बघते फक्त."

"हरलीस म्हण की, नानी," पहलमानच म्हणाला, आणि एवढी वर्षं ज्याचा माल परत गेला तोसुद्धा त्या दिवशी सहरमानच्या बाजूनं हसला. फुंगमा टिका लावून निघून गेली. दाहाल सरांनी जाहीर केलं की माल आहे तसाच कडक जाणार. सहरमान त्या दिवशी तोंग्बाची गरम दारू पिऊन अंगणात बसला आणि येणाऱ्या जाणाऱ्याला कट् आवाज करून दाखवत राहिला.

दुसऱ्या दिवशी भुत्लेनं भात हुंगला आणि ठेवून दिला. सहरमान म्हणाला, काल जास्त झालंय. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं थोडा ढिंडो, पिठाचा शिजवलेला मऊ गोळा, खाल्ला, तोही मान उजवीकडं कलती करून. सहरमान म्हणाला, आता वय झालं. जेवताना आइतमाया एकदा कुत्र्याकडं बघायची, एकदा नवऱ्याकडं. शेवटी तिनं ताट खाली ठेवलं.

"दोघंही उजव्या बाजूनं खाताय," ती म्हणाली.

सहरमान जेवण टाकून अंगणात गेला. ती काळी कांडी भिंतीच्या कडेला पडली होती, भुत्ले तिच्याकडं फिरकला नव्हता. सहरमाननं ती उचलून उन्हात धरली. कांडी अख्खी होती. कुठंही फुटलेली नव्हती. तिच्या एका टोकाला दाताचं पांढरं फळकूट रुतून बसलं होतं, आणि त्याच्याभोवती सुकलेलं रक्त होतं.

तो तिथंच खाली बसला. बिबट्यापुढं न ओरडणारं जनावर आपल्यापुढं शेपूट हलवत होतं, आणि आपण कट् आवाज करून दाखवत होतो. त्याला स्वतःच्या दाढेचा तो ठणका आठवला, लवंगा आठवल्या. त्यानं भुत्लेला जवळ घेऊन ओठ वर केला. कुत्र्यानं अंग चोरलं, पण चावला नाही. चावला असता तर बरं वाटलं असतं त्याला.

फिदिमचा जनावरांचा दवाखाना सणाच्या सुटीत बंद. फुंगमा भेटणार ती सण उलटल्यावर, केंद्रावर, माल गोळा करायच्या दिवशी, म्हणजे नेमकी अख्ख्या गावापुढं. तोवर भुत्लेचा डावा गाल चांगलाच सुजला. त्या सकाळी सहरमाननं पाठीवरच्या डोकोत, म्हणजे बांबूच्या टोपलीत, घोंगडी अंथरली, भुत्लेला आत बसवलं आणि वरून फडकं बांधलं. वाटेत कुणी विचारलं तर म्हणायचा, "छुर्पी आहे." एका वळणावर डोको भुंकला. विचारणारी बाई डोकोकडं बघत राहिली, आणि सहरमान गुडघे आवरत पुढं गेला.

केंद्राच्या अंगणात रांग लागली होती. लाल खुर्ची रिकामी होती.

"आज पारखी स्वतःच माल घेऊन आले," पहलमान म्हणाला. "आता ह्यांचा कोण पारखणार?"

सहरमाननं डोको टेबलापुढं उतरवला. फडकं सुटलं आणि भुत्लेनं मान वर काढली. गळ्यात सुकलेली झेंडूची माळ, आणि एक गाल टम्म फुगलेला.

"अरे वा," पहलमान म्हणाला, "दाजूंचा कुत्रासुद्धा छुर्पी गालात धरायला शिकला." रांग खदखदली. सहरमानचं काही चुकलंय असं अजून कुणाला वाटत नव्हतं. ते विनोदालाच हसत होते.

फुंगमानं भुत्लेचा ओठ वर केला, बघितलं आणि काकाकडं बघितलं. पोरगी मनानं चांगली. ती हळू आवाजात म्हणाली, "दगड चावला असेल, काका. कुत्री चावतात कधी कधी."

तिनं वाट काढून दिली होती. हो म्हणायचं, कुत्र्यावर इलाज करून घ्यायचा आणि खुर्चीवर बसायचं. सहरमान तसं म्हणणारही होता, तोंड उघडलं होतं त्यानं. पण भुत्लेनं त्याच्या हातावर हनुवटी टेकवली, दुखऱ्या बाजूनं टेकवली आणि लगेच मान फिरवून दुसऱ्या बाजूनं टेकवली.

"दगड नाही," सहरमान म्हणाला. मग मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हणाला, "दगड नाही. माझी छुर्पी. त्या दिवशी आवाज आला तो ह्याच्या दाढेचा होता." त्यानं खिशातून ते फळकूट काढून टेबलावर ठेवलं. "आणि माझीही अशीच गेली. लई वर्षं झाली. डावीकडं काही नाही माझ्या, नुसता खड्डा आहे."

पहलमान पुढं आला, वाकून त्यानं फळकूट बघितलं, मग सहरमानकडं बघितलं. "म्हणजे दाजू," तो सावकाश म्हणाला, "एवढी वर्षं माझा माल तुम्ही हिरडीनं नाकारत होता?"

"कानानं," सहरमान म्हणाला. "तुझ्या कांडीचा आवाज बद्दच यायचा."

भुत्लेची दाढ फुंगमानं फिदिमच्या दवाखान्यात काढली, सुई देऊन, झोपवून. सहरमान दाराबाहेर बसून होता. बाहेर येऊन ती हात पुसत म्हणाली, "आता तुम्ही तोंड उघडा बघू, काका." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं कुणापुढं तोंड पूर्ण उघडलं. ती आत बघून म्हणाली की ह्यासाठी माणसांच्या डॉक्टरकडं जावं लागेल, आणि तो म्हणाला की आता काय राहिलंय तिथं जायला.

बोलल्याप्रमाणं त्यानं खुर्ची सोडली. आता तुम्हाला वाटेल, माणसाची अब्रू गेली. छे. आमच्या गावाचं डोकं तसं चालत नाही. बिबट्याला अडवणाऱ्या कुत्र्याची दाढ मोडली पण कांडीला चीर गेली नाही, ही बातमी पार इलामपर्यंत पोचली, आणि माणसं मुद्दाम चालत यायला लागली. "ती कुत्र्याची दाढ मोडली ती छुर्पी द्या." सहरमाननं आयुष्यात एवढी छुर्पी खपवली नव्हती. तो प्रत्येकाला बजावायचा, गालात धरा, आणि कुत्र्याला देऊ नका. लोक म्हणायचे, एवढी भारी चीज कुत्र्याला कोण देईल?

केंद्रावर आता नखाची पारख चालते. खुर्ची दोन महिने रिकामी राहिली, मग दाहाल सरांनी तिच्यावर पहलमानला बसवलं, कारण मऊ छुर्पीतला त्याच्याएवढा अनुभव गावात कुणाला नव्हता. सहरमाननं स्वतः जाऊन त्याला अंगठा कसा रोवायचा ते दाखवलं. पहलमान हल्ली डोळे मिटून बसतो.

पुढच्या तिहाराला लोक पुन्हा सहरमानच्या अंगणात जमले, काही होतंय का बघायला. भुत्लेच्या गळ्यात माळ पडली, कपाळाला टिका लागला. सहरमान घरातून वाटी घेऊन आला. वाटीत तूप घातलेला गरम ढिंडो होता. वाटी खाली ठेवायच्या आधी त्यानं ढिंड्यात अंगठ्याचं नख रोवलं आणि खूण उठली का ते उन्हाकडं धरून नीट बघितलं. लोक हसले. त्यानं अंगठा धोतराला पुसला, पुन्हा एकदा बघितलं, आणि मगच वाटी भुत्लेपुढं सरकवली, उजव्या बाजूनं.